शाश्वतता आणि नफा : कंपनीच्या वहीखात्यातून हे नाते कसे शोधावे

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्यांत वर्षअखेरीच्या बैठकीला हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मोठ्या खरेदीदार कंपनीकडून पंधरा-वीस पानांची प्रश्नावली आलेली असते. वीज किती वापरता, पाणी कोठून घेता, घातक कचरा कोणाकडे देता, कंत्राटी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरला जातो का, असे प्रश्न तिच्यात असतात. मालक ती लेखापालाकडे सरकवतात आणि विचारतात, "हे सगळे करून आपल्या नफ्यात काय पडणार?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भाषणात न देता आकड्यांत द्यायला हवे. हा लेख त्या लेखापालासाठी आणि त्याच्या मालकासाठी आहे. शाश्वतता म्हणजे वीज, पाणी, कच्चा माल, माणसे आणि कारभार यांची अशी निगा, की आजचा धंदा चालवताना उद्याचा धंदा धोक्यात येऊ नये. तिचा नफ्याशी संबंध आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. तो आपल्या कारखान्यात नेमका कोठे आहे हे आपल्याच खतावणीतून शोधावे लागते, आणि ते कसे शोधावे याची रीत पुढे दिली आहे.

आधी अभ्यासक काय म्हणतात ते नीट समजून घ्यावे

या विषयावर जगभर विपुल संशोधन झाले आहे. फ्रीडे, बुश आणि बासेन या अभ्यासकांनी २०१५ साली सुमारे २,२०० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. जवळपास ९० टक्के अभ्यासांत शाश्वततेचे आर्थिक कामगिरीशी असलेले नाते प्रतिकूल नव्हते, आणि बहुसंख्य अभ्यासांत ते अनुकूल होते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलने २०२१ मध्ये २०१५ ते २०२० या काळातील हजाराहून अधिक अभ्यास तपासले. कंपन्यांच्या कामगिरीविषयीच्या अभ्यासांपैकी ५८ टक्क्यांत नाते अनुकूल, तर ८ टक्क्यांत प्रतिकूल आढळले.

हे आकडे सादरीकरणात फार वापरले जातात, आणि तेथेच सावध राहायला हवे. सरासरी आपल्या कारखान्याविषयी काही सांगत नाही. शिवाय कार्यकारणाची दिशाही उलटी असू शकते. ज्या कंपनीकडे पैसा शिल्लक आहे तीच सांडपाणी प्रकल्पावर आणि कामगारांच्या सोयींवर खर्च करू शकते, म्हणजे नफा आधी आणि शाश्वतता नंतर. वॅडॉक आणि ग्रेव्ह्ज यांनी १९९७ मध्ये दोन्ही दिशांचे पुरावे मांडले होते, आणि एक दुसऱ्याला बळ देते असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्या मते मध्यम उद्योगासाठी सर्वांत उपयोगी निष्कर्ष खान, सेराफीम आणि यून यांचा आहे. त्यांच्या २०१६ च्या शोधनिबंधानुसार ज्या बाबी त्या-त्या उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाच्या असतात, त्यांत चांगले काम करणाऱ्या कंपन्यांची कामगिरी पुढे सरस ठरली. बिनमहत्त्वाच्या बाबींवर खर्च करणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. पहिली पायरी यातूनच निघते.

पायरी १ : आपल्या धंद्याला लागू असलेल्या चार-पाच बाबी निवडाव्यात

कोरा कागद घेऊन चर्चेला बसू नये, नफा-तोटा पत्रक घेऊन बसावे. एकूण खर्चातील सर्वांत मोठ्या आठ-दहा रकमा क्रमाने लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर दोन प्रश्न ठेवावेत. ही रक्कम निसर्गावर किंवा माणसांवर अवलंबून आहे का? आणि ती दहा टक्क्यांनी वाढली, किंवा तो पुरवठा आठ दिवस थांबला, तर काय होईल?

ओतकाम कारखान्यात वीज, भट्टीचे इंधन, वाळू आणि नापास माल वर येतील. डाळ मिलमध्ये कच्च्या मालातील घट आणि धूळ वर येईल. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील संगणक सेवा कंपनीत पगार आणि माणसे सोडून जाण्याचा खर्च बाकी सगळ्याला झाकून टाकेल, आणि तेथे पाणी वाचवण्याच्या फलकांनी ताळेबंदात काही हलणार नाही. फलक लावू नयेत असे नाही, पण त्यांच्याकडून नफ्याची अपेक्षा करू नये.

येथे एक गल्लत नेहमी होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा नफा झाल्यानंतरचा खर्च आहे. आपण ज्या शाश्वततेविषयी बोलतो आहोत ती नफा कमावण्याच्या रीतीतच असते. शाळेला बाके देणे चांगलेच, पण त्याचा हिशेब या कागदावर घेऊ नये.

पायरी २ : पूर्वीची स्थिती मोजून ठेवावी

बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. सुधारणा आधी होते आणि मोजणी नंतर सुरू होते, मग फरक कशाशी ताडून पाहणार? किमान २४ महिन्यांची, शक्य असेल तर ३६ महिन्यांची वीजबिले, डिझेलच्या पावत्या, पाण्याची बिले, भंगार विक्री, नापास मालाची नोंद, गैरहजेरी आणि अपघातांची नोंदवही एकत्र करावी.

नागपुरात पूर्ण वर्षाशिवाय आधाररेषा, म्हणजे तुलनेसाठीची पूर्वीची पातळी, धरूच नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कूलिंग टॉवरचे पाणी, कॉम्प्रेसरचा (हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) भार, पत्र्याच्या शेडमधील पंखे आणि दुपारपाळीची गैरहजेरी हे सगळे तेव्हा एकदम वर जाते. डिसेंबर-जानेवारीच्या आकड्यांवर आधाररेषा बांधली, तर मे महिन्यात चांगली योजनाही वाया गेल्यासारखी दिसेल.

दुसरी काळजी खर्चाच्या शीर्षांची. पाण्याच्या टँकरच्या पावत्या अनेकदा 'किरकोळ खर्च' किंवा 'कारखाना देखभाल' या खात्यात पडलेल्या असतात. पाण्याचा खर्च नगण्य आहे असे मला एका कारखान्यात ठामपणे सांगण्यात आले होते. एप्रिल ते जूनच्या रोख पावत्या एकेक करून वेगळ्या काढल्या, तेव्हा त्या तीन महिन्यांचा टँकरचा खर्च वर्षभराच्या पाणीबिलापेक्षा जास्त निघाला. खाते वेगळे उघडल्याशिवाय खर्च दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो कमीही होत नाही. म्हणून वीज, इंधन, पाणी, टँकर, कचरा विल्हेवाट आणि नवीन माणसाचे प्रशिक्षण यांची स्वतंत्र खाती १ एप्रिलपासूनच उघडावीत.

आकडे जमले की प्रत्येक महिन्याचे उत्पादन आडव्या अक्षावर आणि विजेची युनिट उभ्या अक्षावर मांडून आलेख काढावा आणि ठिपक्यांमधून सरळ रेषा ओढावी. ही रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते, तेवढी वीज उत्पादन शून्य असतानाही जळते. ज्या कारखान्यात हा आकडा एकूण वापराच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ येतो, तेथे सौरपट्ट्यांची चौकशी करण्याआधी रविवारी कारखान्यात जाऊन यावे.

मी असा एक रविवार हिंगण्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात काढला आहे. यंत्रे बंद, शेडमध्ये अंधार, पण कॉम्प्रेसर चालू होता, कारण सोमवारी सकाळी हवेचा दाब तयार मिळावा अशी सूचना होती. आवाज थांबल्यामुळे पाइपच्या सांध्यांमधून येणारी बारीक शीळ स्पष्ट ऐकू येत होती. देखभालीचा माणूस साबणाच्या पाण्याचा मग घेऊन पुढे चालला होता आणि जेथे बुडबुडे येतील तेथे खडूने खूण करत होता. सातव्या-आठव्या खुणेनंतर तो म्हणाला, "हे त रोजचंच आहे, साहेब." ते रोजचे होते, म्हणूनच त्याची किंमत मोठी होती. सात बार (बार हे दाबाचे एकक) दाबाच्या हवेच्या वाहिनीत तीन मिलिमीटरचे एक छिद्र सुमारे ३ किलोवॅट वीज खाते. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ८ रुपये धरले, तर एका छिद्राचे १ लाख ४४ हजार रुपये होतात.

लोड-अनलोड पद्धतीच्या, म्हणजे दाब कमी झाला की हवा भरणाऱ्या (लोड) आणि दाब पुरेसा झाला की रिकाम्या फिरणाऱ्या (अनलोड) कॉम्प्रेसरवर गळती मोजायला वेगळे उपकरणही लागत नाही. हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद ठेवावीत आणि कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो ते घड्याळ लावून मोजावे. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटे अनलोड असेल, तर पाच मिनिटांतील दीड मिनिट, म्हणजे क्षमतेच्या ३० टक्के हवा गळतीत जाते.

पायरी ३ : बचत आणि दरवाढ वेगळी करावी

लेखापालाचे खरे कौशल्य येथे लागते. समजा, पूर्वी टनामागे ६२० युनिट वीज लागत होती आणि दर ८ रुपये होता. सुधारणेनंतर ५८० युनिट लागू लागली, पण दर ८.६० रुपये झाला. टनामागचा खर्च ४,९६० रुपयांवरून ४,९८८ रुपये झाला. संचालक बिल पाहून म्हणतील, एवढे करून काय मिळाले, खर्च तर २८ रुपयांनी वाढलाच.

परिव्ययशास्त्रातील साधे विचलन विश्लेषण, म्हणजे खर्चातील फरक वापरामुळे किती आणि दरामुळे किती हे वेगळे करणे, येथे लावावे. वापरातील बचत ४० युनिट गुणिले ८ रुपये, म्हणजे टनामागे ३२० रुपये. दरवाढीचा भार ६० पैसे गुणिले ५८० युनिट, म्हणजे ३४८ रुपये. महिन्याला १,००० टन उत्पादन असेल तर योजनेने ३ लाख २० हजार रुपये वाचवले आणि दरवाढीने ३ लाख ४८ हजार रुपये घेतले. दर आपल्या हातात नसतो, वापर असतो. हे दोन आकडे एकाच ओळीत राहिले, तर चांगली योजना बंद पडते आणि दर घसरलेल्या वर्षी वाईट योजनेचे कौतुक होते.

उच्चदाब ग्राहकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. महावितरणची आकारणी आता केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागलेल्या विजेऐवजी ओढलेल्या एकूण विजेवर होते, त्यामुळे पॉवर फॅक्टर (एकूण विजेतील कामाला लागलेल्या विजेचे प्रमाण) घसरला की तेवढ्याच कामाला जास्त बिल येते. पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर पॅनेल नादुरुस्त राहिल्याने वाढलेले बिल यंत्रांच्या माथी मारले जाऊ नये.

पायरी ४ : प्रत्येक योजनेचा परतावा काढावा, आणि तो दोन-तीन दरांवर तपासावा

गळती बंद करणे, दाब एक बारने उतरवणे, रिकाम्या चालणाऱ्या मोटारी बंद ठेवणे यांना भांडवल जवळजवळ लागत नाही, म्हणून ती कामे आधी घ्यावीत. दाब एक बारने कमी केल्यास कॉम्प्रेसरची साधारण ६ ते १० टक्के वीज वाचते. ही कामे झाल्यावर विजेची गरजच कमी होते आणि पुढचा सौर प्रकल्प लहान घेऊन भागते. हा क्रम उलटा केला की आपण गळतीसाठीसुद्धा पट्ट्या विकत घेतो.

मोठ्या योजनेसाठी 'पैसे किती वर्षांत सुटतील' एवढ्यावर थांबू नये. उदाहरणासाठी १०० किलोवॅटचा छतावरील सौर प्रकल्प घेऊ. खर्च ४५ लाख रुपये, वर्षाला १ लाख ३५ हजार युनिट, वाचणारा दर ८ रुपये आणि धुण्या-देखभालीचे ८० हजार रुपये असे धरले, तर वार्षिक बचत १० लाख होते आणि साडेचार वर्षांत रक्कम सुटते. २० वर्षांची बचत १२ टक्के दराने आजच्या मूल्यात आणली, तर ती सुमारे ७४ लाख ७० हजार होते, म्हणजे निव्वळ लाभ जवळपास ३० लाख. आता वाचणारा दर ५ रुपये धरा. वार्षिक बचत ५ लाख ९५ हजार होते, तिचे आजचे मूल्य सुमारे ४४ लाख ४० हजार भरते, आणि प्रकल्प किंचित तोट्यात जातो. पट्ट्या त्याच, छत तेच, ऊनही तेच. आयकरातील ४० टक्के घसाऱ्याचा लाभ आणि पट्ट्यांची हळूहळू होणारी झीज यांचे आकडे आपल्या सल्लागाराकडून यात घालून घ्यावेत. दराच्या अंदाजावर निर्णय किती हलतो, हे मात्र संचालकांना आधीच दाखवावे.

पायरी ५ : जोखमीला रक्कम लावावी

वीज वाचली तर बिलात दिसते. न झालेला बंद कोणत्याच खात्यात दिसत नाही, म्हणून तो गाळला जातो. केरळमधील प्लाचिमडा येथील कोका-कोलाचा कारखाना भूजलाच्या वादात २००४ मध्ये थांबला तो थांबलाच. तामिळनाडूतील तूतुकुडीचा स्टरलाइट तांबे कारखाना प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये राज्य सरकारने बंद केला, आणि तो पुन्हा सुरू करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळली. तेथे यंत्रे चांगली होती आणि मालाला बाजारही होता. गमावला तो आसपासच्या लोकांचा विश्वास.

आपल्या प्रमाणात हा हिशेब साधा आहे. पाणी दहा दिवस न मिळाल्यास रोज किती अंशदान बुडेल, ते काढावे. येथे विक्रीचा आकडा घेऊ नये, विक्रीतून बदलता खर्च वजा करून उरणारी रक्कम घ्यावी. असे किती वर्षांतून एकदा घडू शकते, ते कारखान्यातील जुन्या माणसांना विचारून ठरवावे. रोज ३ लाखांचे अंशदान आणि पाच वर्षांतून एकदा दहा दिवसांचा बंद असेल, तर वर्षाला ६ लाख रुपये ही त्या जोखमीची किंमत झाली. सांडपाणी पुन्हा वापरण्याच्या प्रकल्पाचे समर्थन करताना वाचलेल्या पाणीबिलात ही रक्कम मिळवावी, अन्यथा स्वस्त पाण्याच्या दरावर असा प्रकल्प कधीच परवडणार नाही. नागपूरकरांना हा विचार परका नाही. भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते, आणि त्यामुळे पेंच धरणाचे तेवढे पाणी पिण्यासाठी मोकळे होते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, कारखाना चालवण्यासाठीच्या संमतीपत्राची मुदत, त्यातील उत्पादनाची मर्यादा आणि घातक कचऱ्याच्या पोचपावत्या यांचे वेळापत्रकही याच पायरीत येते. कर्जाची फाइल बँकेत गेली की सर्वप्रथम हेच कागद मागितले जातात.

पायरी ६ : माणसांचा खर्च मोजावा

याविषयी मला विशेष कळकळ आहे, कारण सगळ्यांत मोठी गळती येथे असते आणि सगळ्यांत कमी मोजणीही येथेच होते. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी दोन वाजता उभा असलेला वेल्डर थकतो, त्याच्या हातून सांधा बिघडतो, आणि तो सांधा पुन्हा करण्याचा खर्च 'नापास माल' या खात्यात जातो, उष्णतेच्या खात्यात नाही. नापास मालाची नोंद पाळीनिहाय आणि महिनानिहाय मांडली की हे नाते समोर येते. छताला उष्णता परतवणारा पांढरा रंग, छतावरील वायुवीजन, थंड पाणी आणि उन्हाळ्यात पाळी सकाळी लवकर सुरू करणे, यांचा खर्च त्या आकड्याशी ताडून पाहावा. अनुभवी ऑपरेटर सोडून गेला, तर नव्या माणसाचा हात बसेपर्यंतचे कमी उत्पादन आणि वाया गेलेला माल यांचीही रक्कम काढावी. ती बहुधा त्याने मागितलेल्या पगारवाढीपेक्षा जास्त निघते.

पायरी ७ : ग्राहक, निर्यात आणि अहवाल

भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यांच्या पुरवठादारांकडे प्रश्नावल्या येतात त्या यामुळेच. उत्तर देताना विजेच्या युनिटला सुमारे ०.७ किलो आणि डिझेलच्या लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून पहिला अंदाज लेखापालालाही काढता येतो. अंतिम आकड्यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा त्या वर्षीचा गुणक (विजेच्या युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड, तो आकडा) घ्यावा.

युरोपला लोखंड-पोलाद किंवा ॲल्युमिनियमचा माल पाठवणाऱ्यांसाठी हा विषय थेट किमतीचा आहे. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन यंत्रणेचा, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावर शुल्क लावणाऱ्या व्यवस्थेचा, माहिती देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भाराचा टप्पा लागू झाला. नट-बोल्टसारख्या काही तयार वस्तूही तिच्या कक्षेत आहेत. प्रत्यक्ष उत्सर्जनाचा पडताळलेला आकडा आपण दिला नाही, तर तेथील आयातदाराला ठरावीक गृहीत आकडे वापरावे लागतात, आणि ते सहसा आपल्याला महागात पडतात. येथे चांगली नोंदवही हीच विक्रीची सवलत ठरते.

कंपन्यांना शाश्वततेचे गुण देणाऱ्या संस्थांच्या मानांकनाच्या मागे मात्र धावू नये. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन यांनी सहा संस्थांची मानांकने ताडली, तेव्हा त्यांच्यातील सहसंबंध सरासरी ०.५४ एवढाच निघाला. एकच कंपनी एकीकडे उत्तम आणि दुसरीकडे मध्यम ठरू शकते. आणि दावा कागदाच्या पुढे जाऊ देऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. 'हरित उत्पादन' असा शिक्का मारण्यापूर्वी त्यामागची मोजणी फाइलमध्ये असावी.

पायरी ८ : दर तिमाहीला एक पान

हे सगळे एका पानावर आणावे. डावीकडे निवडलेल्या चार-पाच बाबी, त्यांच्यापुढे आधाररेषा, या तिमाहीतील वापर, दरामुळे पडलेला फरक, वापरामुळे पडलेला फरक आणि जोखमीची रक्कम. योजना शक्यतो एका शेडमध्ये किंवा एका यंत्रावर आधी राबवावी आणि तसेच दुसरे यंत्र तीन महिने जुन्या पद्धतीने चालू ठेवावे, म्हणजे फरक योजनेचा की वाढलेल्या ऑर्डरचा, हे कळते. फसलेल्या योजनाही त्याच पानावर लिहाव्यात, कारण त्या वगळल्या की पुढच्या वर्षी तीच चूक नव्या नावाने येते.

हे पान लेखा विभागानेच तयार करावे, पण त्यावर देखभाल प्रमुखाची सही घ्यावी. आकडा त्याच्या मीटरचा आहे, आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन रविवारी पुन्हा त्याच्याच माणसाला जायचे आहे.